मध्यमाच्या परीक्षेत स्वर ऐकून ओळखता येत नाहीत, वय ४८, कान आता तयार होतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ग्वाल्हेरचेच, शहरातल्या लष्कर भागात राहतात, नोकरी करतात, सात वर्षं पेटी आणि त्यातली शेवटची चार वर्षं गाणंही शिकतायत. संगीताची 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा पास झालेत पण तिथे परीक्षकांनी पेटीवर दोन-तीन स्वर वाजवून "हे कोणते?" विचारलं तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. आता तिच्या पुढची मध्यमा द्यायचीय. राग गाऊन दाखवता येतात, बंदिशी पाठ, थिअरी पाठ, फक्त ऐकून ओळखायचं म्हटलं की डोकं रिकामं. वय झालं म्हणून कान होत नाहीत का, असं ते विचारतायत.

होतात. मी एकतीस वर्षं शिकवतेय आणि त्यातली निम्मी मंडळी चाळिशीच्या पुढची आहेत, म्हणून हे अंदाजाने बोलत नाहीये. पण तुमचा प्रश्न वाचून मला अडचण वयात दिसली नाही, ती "सात वर्षं पेटी" मध्ये दिसली.

आधी एक करून बघा. तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा, पेटी बंद, डोळे मिटा, सा म्हणा, आणि मधले काहीही न म्हणता थेट ध म्हणा. आता पेटी उघडून तपासा. तो लागला असेल तर स्वर तुमच्याकडे आहे, फक्त त्याचं नाव पटकन सापडत नाही. नसेल लागला तर धैवत तुमच्या बोटात आहे, कानात अजून आलेलाच नाही. पेटीवाल्यांचं बहुतेक हेच होतं, पट्टी डोळ्यांना दिसते, बोटाला जागा पाठ असते, कानाला काम करायची वेळच येत नाही. माझ्या ओळखीत भजनी मंडळात दहा-दहा वर्षं सुंदर साथ करणारे लोक आहेत ज्यांना डोळे मिटून एक पट्टी दाबली की कोमल ग की शुद्ध ग सांगता येत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तो अवयव वापरलाच नाहीये इतकंच.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही मोजता. तुम्ही तसं लिहिलेलं नाही पण मी पैज लावायला तयार आहे. परीक्षक ध वाजवतात आणि तुम्ही मनात सा रे ग म प ध असं चढत जाता आणि कुठे जुळतंय बघता, तोपर्यंत त्यांनी पुढचे दोन स्वर वाजवलेले असतात आणि पहिलाही हातचा जातो. मोठेपणी शिकणारे सगळे हेच करतात कारण आपल्याला हिशेबाची सवय असते, लहान मुलं तसं करत नाहीत, त्यांना ध हा ध म्हणूनच ऐकू येतो जशी आईची हाक गर्दीतसुद्धा आईचीच वाटते. तेव्हा सगळ्यात आधी हे चढत जाऊन मोजणं सोडायचंय. प्रत्येक स्वराचं सा शी थेट नातं असतं, शेजारच्या स्वराशी नाही, आणि ते नातं ओळखायला शिकणं म्हणजेच कान तयार होणं. आता पुढे जे काय लिहितेय ते सगळं याचंच आहे.

वयाचं सांगते म्हणजे ती शंका मनातून जाईल. वयानुसार ऐकणं कमी होतं ते आधी खूप उंच आवाजांचं. पुरुषांचा काळी एकचा (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरली तर) सा साधारण १३८-१३९ हर्ट्झचा, तार सा (वरचा सा) धरला तरी २७७ च्या आसपास, म्हणजे आपलं स्वर ओळखण्याचं काम चालतं तो भाग पन्नाशीत सहसा शाबूत असतो. (खरंच ऐकायला कमी येत असेल, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा, तो वेगळा विषय.) आणि मोठ्यांकडे जे असतं ते मुलांकडे नसतं, चाळीस वर्षांचं ऐकलेलं गाणं. घरातल्या आरत्या, भूपाळ्या, नाट्यपदं, कीर्तनं, रेडिओ. ते सगळं आत आहेच, त्याला नावं लागायची राहिलीयेत.

तंबोऱ्यापासून सुरू करा, आणि कृपा करून मोबाईलच्या स्पीकरवर नको. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज (सगळ्यात खालचा सा) येतच नाही, नुसतं वरचं गुणगुण येतं. बरा स्पीकर जोडा किंवा हेडफोन लावा. खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार आपोआप निघतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात, आणि पंचमाच्या तारेतून रिषभ आणि शुद्ध निषादही येतात. हे गूढ वगैरे काही नाही, तार एकाच वेळी आपल्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानेही कंपत असते आणि त्यातला पाचपटीचा आवाज म्हणजे गंधार. पहिला आठवडा रोज पाच मिनिटं काहीही न गाता फक्त तो गंधार शोधत बसा. एकदा ऐकू आला की मग तो न ऐकणं अशक्य होतं. आणि मग पेटीवरचा ग वाजवून बघा, किंचित चढा वाटेल. तो खरंच चढा असतो, आजकालची पेटी समान अंतरांच्या हिशेबाने जुळवलेली असते, तिचा ग या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. हा फरक ज्या दिवशी तुम्हाला जाणवेल त्या दिवशी मला जरूर कळवा, त्यानंतर बाकीचं फार सोपं जातं. सराव तंबोऱ्यावर आणि तपासणी पेटीवर, असं ठेवा, उलटं नको.

स्वर कोणत्या क्रमाने घ्यायचे यावर प्रत्येक गुरुजींचं मत वेगळं असतं, माझा क्रम असा: आधी सा, प आणि तार सा. दोन-तीन दिवस एवढंच. मग ग. मग शुद्ध नि, कारण तो वरच्या सा कडे इतका ओढतो की चुकणं अवघड. मग रे. मग म, आणि ध सगळ्यात शेवटी. कोमल-तीव्र नंतर जोड्यांनी, दोन्ही ग एकत्र, दोन्ही नि एकत्र, असे. प्रत्येक स्वर तंबोऱ्यावर लांब धरा, आकारात म्हणजे नुसतं आ म्हणत, आणि तो धरल्यावर काय वाटतं ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. माझ्याकडे एक काकू यायच्या, वय एकसष्ट, त्यांनी पंचमापुढे लिहिलं होतं "टेकून बसले", कोमल रे पुढे "सा ला चिकटलेला, सुटत नाही", आणि कोमल नि पुढे "लोंबकळतोय, कुणी हात दिला तर येईल". हे शब्द पुस्तकात मिळत नाहीत आणि दुसऱ्याचे उसने घेऊन उपयोगही होत नाही, पण त्या काकू सात महिन्यांनी परीक्षेत एकही स्वर चुकल्या नाहीत.

म या स्वराबद्दल वेगळं सांगायलाच हवं कारण सगळ्यात जास्त मार्क तिथे जातात. कुणी नुसतं सा–म वाजवलं तर कान म लाच सा समजून बसतो, कारण म ला सा मानलं तर वरचा सा त्याचा पंचम होतो, आणि सा-प ही जोडी कानाला सगळ्यात ओळखीची. मग सगळाच घोळ होतो, पुढचे स्वरही सरकून ऐकू येतात. यावर उपाय एकच, आतला सा सोडायचा नाही. परीक्षक काहीही वाजवोत, तुमच्या मनात खालचा सा चालू पाहिजे, ओठ मिटून अगदी हलका गुणगुणलात तरी चालतं. त्याचा सराव असा करा की पेटीवर उजव्या हाताने म, प, म, ध, म असं काहीतरी वाजवत राहा आणि गळ्याने फक्त सा धरून ठेवा, ढळू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत ढळेल. ढळू दे, परत घ्या.

आता गळा. बरेच लोक म्हणतात मॅडम मला फक्त ओळखायचंय, गाऊन काय करू. पण मला आजवर असा एकही माणूस भेटला नाही ज्याचे कान नुसतं ऐकून तयार झाले. जे ऐकलं ते आधी गळ्यातून काढायचं, नंतर नाव द्यायचं, या क्रमात कधीच बदल नको. स्वर आला की लगेच "ग!" असं ओरडू नका, आधी त्याच्याबरोबर आ करा, तो आपल्या गळ्यात कुठे बसतोय बघा, मग नाव. सुरुवातीला चार सेकंद लागतील, नंतर गळा हलवायचीही गरज पडत नाही, आतल्या आत होतं. माझ्याकडे पियानोची एबीआरएसएमची (ब्रिटिश संगीत मंडळाची) परीक्षा देणारेही दोघं-तिघं ऑरलसाठी, म्हणजे कानाच्या परीक्षेसाठी येतात, तिथे प्रॅक्टिकल ग्रेडमध्ये १५० पैकी १८ मार्क ऑरलचे असतात आणि परीक्षक वाजवतील ते तसंच गाऊन दाखवावं लागतं, मोठी माणसं त्यालाच घाबरतात. त्यांना मी हेच सांगते की तिथे आवाजाच्या गोडव्याला मार्क नसतात, गुणगुणलं किंवा शीळ घातली तरी चालते, स्वर बरोबर हवा. तुमचंही तसंच, या कामापुरता आवाज कसाही असला तरी चालेल.

रोजचा वेळ किती, तर वीस मिनिटं, पण रोज. रविवारी दोन तास बसून काही होत नाही, कान झोपेत पिकतात असं माझे गुरुजी म्हणायचे आणि मला ते अनुभवाने पटलंय. नोकरी करणाऱ्यांनी ते वीस मिनिटंसुद्धा दोन तुकड्यांत करावेत. सकाळी दहा मिनिटं तंबोऱ्याबरोबर लांब स्वर आणि उड्या, म्हणजे सा-ग, सा-ध, सा-रे, मधले न म्हणता. आणि "मुका अलंकार" करा: सा रे ग म म्हणताना रे मनातच म्हणायचा, वेळ तेवढाच द्यायचा, आणि ग थेट लागतो का बघायचं. मग दोन मुके, मग तीन. हा माझा सगळ्यात आवडता पलटा आहे, तीन आठवड्यांत फरक दिसतो. तीन स्वर घेऊन त्यांची उलटापालटही करा, सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा, अशा सहाच होतात, चार स्वरांच्या चोवीस होतात. यालाच मेरुखंड म्हणतात, इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची गायकी यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला परीक्षेपुरते तीनचे सहा खूप झाले.

संध्याकाळची दहा मिनिटं क्लिपांची. हे जरा कटकटीचं वाटेल पण एका रविवारी बसून करून टाका. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, सा वाजवा, मग एक स्वर, मग मनात चार आकडे मोजा, मग तोंडाने उत्तर सांगा, "शुद्ध ध". अशा चाळीस-पन्नास वेगवेगळ्या क्लिपा करा आणि शफल लावून ऐका. चार सेकंदांत आधी गा, मग नाव घ्या, मग उत्तर ऐका. आज केलेल्या आजच ऐकू नका, क्रम लक्षात राहतो, दोन-तीन दिवस जाऊ द्या. गाडी चालवताना नको, स्वयंपाकघरात भाजी निवडताना चालेल. चुकलेले स्वर वहीत टिपा, आठवड्याने बघितलं की कळतं तुमची भानगड दोन-तीन स्वरांचीच आहे, बाराच्या बाराची नाही. बहुतेकांची म-प ची आणि ध-नि ची असते. मग फक्त त्यांवर काम करायचं.

आणि पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, बदलत राहा. हे मी जीव तोडून सांगते कारण यात माझीच चूक झालेली आहे. माझी एक विद्यार्थिनी, फार गुणी, मी तिला दोन वर्षं काळी चारवरच सगळं करून घेतलं, घरी ती शंभरातले पंचाण्णव ओळखायची. परीक्षा केंद्रावर पेटी पांढरी एकवर धरलेली होती आणि तिला सगळंच परकं वाटलं, ती पोर बाहेर येऊन रडली. दोष तिचा नव्हता, मी तिला स्वराचं नातं शिकवलं असं समजत होते पण ती त्या एका पट्टीचा आवाज ओळखत होती. तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस वेगळी पट्टी, नियमच केलाय. गाताना त्रास होत असेल तर खालच्या सप्तकात गा, पण कानाला सवय लागू दे.

राग ओळखण्याबद्दल. बहुतेक गाइडांत आरोह-अवरोह पाठ करा म्हणतात, पण परीक्षक आरोह-अवरोह थोडीच म्हणणार, ते एक-दोन स्वरसमूह म्हणतात. मी शिकवते ते आधी काय नाहीये ते ऐकायला. म नि नाहीत आणि बाकी शुद्ध, तर भूप किंवा देशकार. ग नि नाहीत, दुर्गा. रे प नाहीत आणि ग ध नि कोमल, मालकंस. ग ध नाहीत आणि दोन्ही नि, वृंदावनी सारंग. पोकळी ऐकायला शिकणं सोपं आहे कारण तिथे एकदम मोठी उडी असते. पोकळी सापडली की दुसरं बघायचं, मुक्काम कुठे होतोय. भूप आणि देशकारचे स्वर तेच आहेत पण भूप ग पाशी येऊन थांबतो, खालच्या अंगात रमतो, आणि देशकार ध वर उभा राहतो आणि सगळा कारभार वर चालतो. भीमपलासी-बागेश्रीचा घोळ सगळ्यांचा होतो, दोघांत ग नि कोमल, आरोहात रे दोघांत जवळजवळ नाहीच. तिथे पंचमावर लक्ष ठेवा. भीमपलासीत प ठामपणे येतो, बागेश्रीत तो चुकूनमाकून येतो आणि म-ध चं नातं पुढे असतं. मी मुलांना दोन्ही राग एकाच दिवशी पाठोपाठ गायला लावते, वेगवेगळ्या दिवशी केले तर फरक कधीच कळत नाही.

यासाठी सरगमगीतं, म्हणजे शब्दांऐवजी सा रे ग म ही नावंच तालात गायची गाणी, सोन्यासारखी आहेत. मोठी माणसं ती "लहान मुलांचं" म्हणून टाळतात, तसं करू नका. सरगमगीत गाताना नाव, स्वर आणि ताल तिन्ही एकत्र तोंडात बसतात. आपल्याकडे ग्वाल्हेरात १९१८ मध्ये संगीतशास्त्रकार पंडित भातखंडेंच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय निघालं, तेव्हापासून ती पद्धत या गावात रुजलेली आहे, लष्करातल्या कितीतरी घरांत त्या जुन्या क्रमिक पुस्तकांचे भाग अजून सापडतील, विचारून बघा. फक्त लिपीचं, म्हणजे स्वर-ताल लिहायच्या खुणांचं लक्षात ठेवा, भातखंडे पद्धतीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली आणि कालाला (टाळी नसलेल्या, खाली जागेला) शून्य, पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि कालाला अधिकचं चिन्ह, तुम्ही देताय ती परीक्षा पलुस्कर परंपरेतली, तेव्हा गाताना कुठलंही वापरा, पेपरात मिसळू नका.

गाण्याची आठवण धरून राग ओळखणं चालेल का, तर रागासाठी चालेल, एकेका स्वरासाठी नको. गाणं आठवेपर्यंत वेळ जातो आणि गाणं आपल्याबरोबर स्वतःचा सा घेऊन येतं, मग हातातला सा सुटतो.

तालाचं थोडक्यात, कारण पेटीवाल्यांना ते बरं जमतं. ठेका ओळखताना मात्रा मोजू नका, डग्गा (तबल्याच्या जोडीतला मोठा, घुमणारा) ऐका. डग्ग्याची घुमार जिथे बंद होते तिथे काल. त्रितालात ती नवव्या मात्रेच्या आसपास आटते आणि चौदाव्या मात्रेच्या धिं वर परत येते, झपतालात सहाव्या-सातव्याला, आणि रूपक तर सुरूच कालाने होतो म्हणून तो पहिल्याच आवर्तनात ओळखू येतो. मोजणी त्यानंतर, खात्रीपुरती. हातावर दुगुन करताना हात पूर्वीच्याच चालीने पडत राहिला पाहिजे आणि तोंड दुप्पट, बहुतेकांचा हातच पळायला लागतो. चालता चालता करा, पाय म्हणजे मात्रा. आणि ब्लूटूथ हेडफोनवर ठेक्याबरोबर टाळ्यांचा सराव करू नका, आवाज किंचित उशिरा पोचतो आणि आपली लय बिघडली असं वाटत राहतं, वायरवाला वापरा.

ग्वाल्हेरात राहता तर डिसेंबरात तानसेन समारोहाला जाच. २०२४ मध्ये त्याला शंभरावं वर्ष लागलं, सकाळी समाधीपाशी हरिकथा आणि मीलाद होते तिथपासून. आपल्या ग्वाल्हेर घराण्याची गायकी कानाच्या शिक्षणाला फार चांगली कारण ती बंदिशीला धरून चालते, रागाचं रूप सुरुवातीलाच स्वच्छ दिसतं, फार वेळ झाकून ठेवत नाहीत. तिथे बसून एकच करा, निवेदकाने रागाचं नाव सांगायच्या आत कलाकार तंबोरे जुळवतानाच मनात सा पकडा, आणि पहिल्या दोन मिनिटांत कोणता स्वर नाहीये ते वहीत लिहा. चुकलात तरी कुणी बघत नाही.

परीक्षेच्या खोलीत गेल्यावर स्वर ओळखायचा प्रश्न आला की आधी "सा घेऊ का?" असं विचारा. माझ्या माहितीत कुठल्याही परीक्षकांनी नाही म्हटलेलं नाही. सा मोठ्याने म्हणा, खर्जापर्यंत एकदा जाऊन या. स्वर वाजला की गा, मग बोला. कळलं नाही तर "परत एकदा वाजवाल का" म्हणायलाही हरकत नाही, गप्प बसण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. आणि गाऊन दाखवलेला स्वर बरोबर पण नाव चुकलं तर लगेच दुरुस्त करा, ऐकू येतंय हे त्यांना तेवढ्यावरून कळतं.

तुमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रापर्यंत पाच-सहा महिने असतील असं धरते. पहिला महिना फक्त सा प सां ग आणि नि, घाई करू नका, राग ओळखायचा सराव तिसऱ्या महिन्याआधी सुरूच करू नका. पहिल्या आठवड्यात क्लिपांवर जी उत्तरं द्याल ती दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि परीक्षेच्या आधी ऐका. आणि तो गंधार ऐकू आला की खाली लिहा, मी वाट बघतेय.